मेर हीच बाउंड्री

गोव्यातल्या कुठल्याही गावच्या क्रिकेट क्लबाला त्याचा इतिहास विचारा. आधी काचेच्या कपाटातले चषक दाखवतील, मग मैदान. मैदान कुणाचं, असं विचारलंत की मात्र मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. बॅनरवर क्लबाचं नाव असतं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भलत्याच कुणाचं: कोमुनिदादचं म्हणजे जुन्या गावसंस्थेचं, देवस्थानचं, नाहीतर एखाद्या कुळाचं. म्हणून क्लबाची गोष्ट सांगायची तर ती जमिनीपासून सांगावी लागते.

हा खेळ इथं राज्यकर्त्यांबरोबर आला नाही. फुटबॉलचं नशीब वेगळं. 1883 साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स यांनी तो आणला असं सांगतात, आणि पुढं त्याला शाळा मिळाल्या, चर्चपुढची पटांगणं मिळाली. क्रिकेटला यातलं काही नव्हतं. पोर्तुगिजांना त्यात रस नव्हता. ते आलं मुंबईच्या वाटेनं, नोकरीला आणि शिकायला गेलेल्या माणसांबरोबर. मोठं व्हायचं तर त्याच वाटेनं परत मुंबईला जावं लागे. दिलीप सरदेसाई 1940 मध्ये मडगावात जन्मले. 1957 मध्ये कुटुंब मुंबईला गेलं आणि चार वर्षांत ते कसोटी खेळले. 30 कसोटी, 2001 धावा, त्यातल्या 642 एकट्या 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. त्यांचा अभिमान आम्ही मिरवतो तो योग्यच, पण त्यांना घडवलं मुंबईच्या मैदानांनी, हेही त्याच दमात सांगायला हवं.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर क्रिकेटचे शौकीन. पणजीत कांपालचं मैदान आज भाऊसाहेबांच्याच नावानं ओळखलं जातं. ते स्वतः खाणमालक होते. तरी खाणींचा पैसा खेळात उतरला तो मुख्यतः फुटबॉलच्या संघांत. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावं देशभर गेली ती फुटबॉलमुळं. क्रिकेटच्या क्लबाला असा धनी क्वचितच भेटला. तिथं वर्गणी, जत्रेतली पावती आणि गल्फला गेलेल्या एखाद्या जुन्या खेळाडूनं पाठवलेलं किट, यावरच कारभार.

उरली जागा. ती दोन तऱ्हेची. एक सडा, म्हणजे जांभ्याचं पठार. तिथं चेंडू कसाही उसळतो आणि डाइव्ह मारणाऱ्याच्या कोपराची सालं निघतात, पण जागा बारा महिने आपली. दुसरं शेत. जून ते सप्टेंबर तिथं पाणी आणि भात. सरद म्हणजे पावसाळी पीक कापून झालं, ऊन लागलं, की पोरं फावडी घेऊन उतरतात. खुंटं काढायची, दोन कुणग्यांमधली, म्हणजे शेताच्या तुकड्यांमधली, बुटकी मेर (बांध) मोडून जमीन सपाट करायची, पाणी मारून धुम्मसानं चोपायची, वर काथ्याची मॅट ताणून कडेनं खिळे ठोकायचे. बाहेरची उंच मेर हीच बाउंड्री. मेर ओलांडून थेट पडला तर सहा, ओहोळात गेला तर दोनच, आणि चेंडू काढायला उतरायचं ते फलंदाजानं. हे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत, पण पाहुण्या संघाला टॉसच्या आधी ऐकवले जातात आणि त्यावरून भांडणंही तेवढीच होतात.

जिथं पाणी टिकतं तिथं लोक वायंगण, हिवाळ्यातलं भातपीक, घेतात, म्हणजे त्या वाड्यावर हिवाळी क्रिकेट नाही. आणि मालकानं ओलीवर अळसांदे (चवळी) पेरायचं ठरवलं, की पिच उठून शेजारच्या शेतात जातं. क्लबाचं ‘होम ग्राउंड’ असं दर दोन-तीन वर्षांनी सरकत असतं.

हे ग्राउंड कायमचं का होत नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. 1964 च्या कूळ कायद्यानं कुळाला संरक्षण दिलं, 1976 च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला मालक केलं, आणि 1991 च्या जमीन वापर कायद्यानं अशा जमिनीवर शेतीखेरीज दुसरं काही करायला बंदी घातली. कायदा आला तो शेतं बिल्डरच्या घशात जाऊ नयेत म्हणून, आणि ते बरंच झालं. पण मनानं दिलदार असलेल्या मालकालाही आपलं शेत क्लबाला रीतसर मैदान म्हणून देता येत नाही, ते यामुळंच. तोंडी ‘खेळा रे’ एवढंच तो म्हणू शकतो.

वरच्या पातळीवर गोष्ट वेगानं सरकली. 1985-86 च्या हंगामात गोवा रणजीत उतरला, तोही दक्षिण विभागात. सगळा ओढा मुंबईकडे असलेल्या लोकांना कर्नाटक-तमिळनाडूच्या पंक्तीला बसवलं, याचं मला अजून हसू येतं. 25 ऑक्टोबर 1989 ला मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका नेहरू चषकात खेळले. पण फातोर्डाही मुळात क्रिकेटचं घर नव्हतं. 2010 च्या ऑक्टोबरात भारत-ऑस्ट्रेलिया सामना एकही चेंडू न पडता पावसानं धुवून नेला, आणि पुढं ते मैदान फुटबॉलचं झालं. मोठ्यांच्या बाबतीतही शेवटी तेच, मैदान दुसऱ्याचं.

क्रिकेट संघटनेला स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली ती पर्वरीला. तिथंच नोव्हेंबर 2024 मध्ये अरुणाचलविरुद्ध स्नेहल कवठणकर नाबाद 314, कश्यप बखले नाबाद 300, आणि दोघांची 606 धावांची अखंड भागी, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. समोरचा संघ दुबळा होता, हे खरं. विक्रम तरी विक्रमच.

त्या रात्री गावोगावच्या ग्रुपांवर तोच स्कोअरकार्ड फिरत होता. शेतात मात्र भात नुकतंच कापून झालं होतं आणि आमच्या वाड्यावर वाद चालला होता तो मॅटचा. मे अखेरीला गुंडाळून मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, ठेवलेली मॅट उंदरांनी एका टोकाला दीड हात कुरतडली होती. ते टोक बॉलरच्या बाजूला टाकायचं की कीपरच्या?