महिला दिनाच्या कंपनी-चित्रफिती

एखाद्या कंपनीने आपल्याकडे काम करणाऱ्या स्त्रियांचा गौरव करण्यासाठी आणि आपल्या कार्यस्थळी स्त्री-पुरुष समानता कशी पाळली जाते हे सांगण्यासाठी तयार केलेल्या लघु चित्रफिती. यांतील बहुतेक चित्रफिती ८ मार्च या आंतरराष्ट्रीय महिला दिनाच्या सुमारास प्रसृत होतात; काही कर्मचाऱ्यांपुरत्याच दाखवल्या जातात, तर काही समाजमाध्यमांवरून भावी कर्मचारी, ग्राहक आणि भागधारक यांच्यापर्यंत पोचवल्या जातात. वस्तू खपवण्यासाठी केलेल्या जाहिरातींहून हा प्रकार वेगळा आहे. जाहिरातीत नटी आणि रचलेला प्रसंग चालतो. इथे कॅमेऱ्यासमोर बसलेली बाई खरोखर त्या कचेरीत किंवा कारखान्यात काम करणारी असते आणि ती जे बोलते ते खरे की खोटे हे तिच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ठाऊक असते.

या दिवसाचे मूळ स्त्री कामगारांच्या मागण्यांत आहे. १९१० साली कोपनहेगन येथे भरलेल्या समाजवादी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी असा दिवस पाळण्याची कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी काही युरोपीय देशांत तो पाळला गेला, आणि १९१७ मध्ये रशियातील पेत्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील स्त्रिया नव्या दिनदर्शिकेप्रमाणे ८ मार्चला संपावर गेल्यानंतर ती तारीख रूढ झाली. मजुरी, कामाचे तास आणि मताधिकार यांसाठी सुरू झालेला हा दिवस कंपन्या साजरा करू लागल्या, तेव्हा मागण्या मागे पडल्या आणि गुलाबाची फुले, जांभळ्या रंगाचे कपडे आणि ‘नारीशक्तीला सलाम’ पुढे आले. अनेक चित्रफितींनी हेच वळण उचलले आहे. घर आणि नोकरी अशी तारेवरची कसरत हसतमुखाने करणारी स्त्री हे त्यांचे आवडते पात्र. त्या कसरतीतला अर्धा भार घरातल्या पुरुषाने किंवा कंपनीच्या नियमांनी उचलायला हवा होता, ही गोष्ट त्या कौतुकात झाकली जाते, आणि म्हणूनच हे कौतुक समानतेच्या विरुद्ध जाते.

अशा चित्रफितीचा कस कशावर लागतो, हे ब्रिटनमधील एका उदाहरणावरून कळते. तेथे २०१७ च्या नियमांनुसार २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. २०२१ च्या महिला दिनी ट्विटरवर एक स्वयंचलित खाते सुरू झाले. एखाद्या कंपनीने महिला दिनाचा संदेश किंवा चित्रफीत टाकली की हे खाते त्याच कंपनीने सरकारला कळवलेला तफावतीचा आकडा त्या संदेशासोबत मांडत असे. आरोप नाही, टीका नाही, नुसता आकडा. काही संस्थांनी त्यानंतर आपले संदेश काढून टाकले.

भारतातही ताडून पाहण्याजोगी माहिती आता उपलब्ध असते. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सेबी या शेअर बाजार नियामक संस्थेच्या नियमानुसार व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात स्त्रियांची संख्या, स्त्री व पुरुषांचे मध्यक (म्हणजे क्रमाने मांडल्यास मधोमध येणारे) वेतन, अपत्यजन्मानंतरच्या रजेवरून कामावर परतलेल्यांचे प्रमाण आणि लैंगिक छळाच्या तक्रारी असा तपशील असतो. चित्रफितीची संहिता लिहिण्यापूर्वी लेखकाने हा अहवाल वाचणे ही पहिली पायरी मानली पाहिजे. कायद्याने जे करावेच लागते ते औदार्य म्हणून दाखवणे हा या प्रकारातील सर्वांत वारंवार होणारा दोष आहे: २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली, आणि ठरावीक वर्गांतील कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असण्याची अट २०१३ च्या कंपनी अधिनियमातच आहे. पाळणाघर दाखवायचे तर ते किती वाजेपर्यंत उघडे असते आणि दुसऱ्या पाळीतील आईला त्याचा उपयोग होतो का, हे दाखवावे.

चित्रफितीसाठी चांगली कथा कशी असते याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. १९७४ साली टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे म्हटले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून या भेदभावाबद्दल जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीस बोलावले गेले आणि त्या कंपनीत रुजू झाल्या. ही कथा सहसा एका धीट मुलीची म्हणून सांगितली जाते. तिचे खरे मोल मात्र दुसऱ्या अर्ध्यात आहे: नियम चुकीचा होता आणि पत्र आल्यावर दार उघडले गेले. आपला एखादा नियम चुकीचा होता आणि तो कोणी, कधी, कशामुळे बदलला, हे सांगण्याची तयारी असलेली कंपनी तीन मिनिटांतही पुष्कळ सांगून जाते.

निर्मितीची बाजू तुलनेने सोपी आहे. चांगला मोबाइल कॅमेरा, कॉलर माइक, खिडकीचा उजेड आणि दोन दिवसांचे चित्रीकरण यांत काम भागते. पुष्कळ प्रेक्षक फोनचा आवाज बंद ठेवूनच पाहत असल्याने पडद्यावर मजकूर हवाच. अवघड असते ती निवड. संचालिका, विभागप्रमुख आणि संगणक अभियंता यांच्यापाशीच कॅमेरा थांबतो. साफसफाई करणाऱ्या, पॅकिंगच्या टेबलावर उभ्या असणाऱ्या, कॅन्टीन चालवणाऱ्या बाया कंत्राटदारामार्फत आलेल्या असल्याने ‘आमच्या महिला कर्मचारी’ या शब्दांत बसत नाहीत. त्यांना घ्यावे, आणि त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे. चाकण किंवा सिन्नरच्या कारखान्यातील कामगार स्त्रीला पाठ केलेले इंग्रजी वाक्य म्हणायला लावले की तिचा आवाजच हरवतो. तीच मराठीत बोलली तर यंत्र, कामाची पाळी, सुपरवायझर, बस चुकल्यावर पडलेला खाडा, सगळे आपोआप येते. प्रश्नही कामाचे विचारावेत: हे यंत्र कोणी शिकवले, पहिली बढती कधी मिळाली, रात्रपाळीनंतर घरी कशा जाता. ‘घरचे आणि ऑफिसचे कसे जमवता?’ हा प्रश्न पुरुषांनाही विचारायचा असेल तरच विचारावा.

संमती हा यातील नाजूक भाग आहे. वरिष्ठांनी सांगितल्यावर नाही म्हणणे कनिष्ठ कर्मचाऱ्याला कठीण जाते. म्हणून संमतिपत्र तिच्या भाषेत असावे, विचार करायला काही दिवस द्यावेत आणि विचारणारी व्यक्ती तिच्या थेट वरिष्ठांपैकी नसावी. छळाच्या तक्रारींबाबत तर कायद्याचीच मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून पुढे आलेल्या कार्यस्थळावरील लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम १६ तक्रारदार स्त्री, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. न्याय मिळाल्याची माहिती ओळख उघड न करता देता येते. त्यामुळे अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांनी तक्रार कुठे व कशी करायची हे समजावून सांगणे योग्य ठरते, पण तक्रारदाराला, चेहरा झाकून का होईना, कॅमेऱ्यासमोर आणणे टाळावे, कारण छोट्या कचेरीत आवाजावरून आणि हातातल्या बांगड्यांवरूनही माणूस ओळखू येते. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर तिची चित्रफीत किती काळ वापरायची आणि तिने मागणी केल्यास ती किती दिवसांत काढायची, हेही संमतिपत्रातच लिहिलेले असावे.