गोळी चालू असताना नाडी नॉर्मल आली, म्हणून आजार खोटा ठरत नाही

परभणीत माझ्या भाचीला नातेवाइकांनी तोंडावर सांगितलं, "गोळ्या चालू असताना तपासलं, ठोके नॉर्मल आले. म्हणजे काहीच नव्हतं पोरीला." भाचीला पॉट्स (POTS) आहे, म्हणजे उभं राहिल्यावर ठोके फार वाढण्याचा आजार. पॉट्सच्या रुग्णांना हे फार ऐकावं लागतं, आणि ते साफ चूक आहे.

पॉट्समध्ये स्वायत्त मज्जासंस्थेचा, म्हणजे ठोके-रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या जाळ्याचा, तोल बिघडतो. आडवं असताना उठून उभं राहिल्यावर 10 मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला 30 किंवा जास्त वाढतात (12 ते 19 वयात 40), रक्तदाब मात्र फारसा पडत नाही. प्रोप्रानोलॉल, आयव्हाब्रॅडिन या गोळ्या ठोके कमी करतात. मग गोळी पोटात असताना आकडा कमी आला, तर गोळी लागू पडतीय एवढंच कळतं. तापाची गोळी घेऊन थर्मामीटर लावल्यासारखंच हे.

गोळीआधी भाची बाजेवर पडलेली, ऑक्सिमीटरवर ठोके 76. उभी राहिली आणि आठव्या मिनिटाला 121, पायांची बोटं जांभळी. गोळीनंतर 70 वरून 88. थकवा मात्र तसाच, मेच्या उन्हात तर जास्तच. तो कुठल्या आकड्यात दिसणार?

फेरतपासणीसाठी आपल्या मनानं गोळी सोडू नका. प्रोप्रानोलॉल एकदम बंद केली तर ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. थांबवायची का, किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि रिपोर्टवर गोळीचं नाव, मात्रा, शेवटची कधी घेतली ते लिहून घ्या. तपासणीची वेळही लिहा, कारण सकाळी ही वाढ जास्त दिसते.