बोगद्यात ट्रक पेटला की पंखे पूर्ण वेगाने लावायचे?

‘बोगद्यात ट्रक पेटला तर सगळे पंखे जोरात लावा, धूर बाहेर जाईल,’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धवट आहे आणि म्हणूनच जीवघेणा.

गरम धूर सुरुवातीला छताला धरून पसरतो. खाली काही मिनिटं श्वास घेण्याजोगी हवा उरते, तेवढ्यात माणसं चालत बाहेर पडू शकतात. वारा जोराचा झाला की हा थर मोडतो आणि धूर रस्त्यापर्यंत उतरतो. वारा फारच मंद असेल, तर धूर वाऱ्याविरुद्धही मागे सरकतो. मोठ्या आगीत त्याला थोपवायला सेकंदाला साधारण ३ मीटर वेग लागतो. पण मग सगळा धूर एकाच बाजूला जातो. तिथे कुणी अडकलेलं नसेल, म्हणजे एकेरी वाहतुकीत पुढच्या गाड्या निघून गेल्या असतील, तरच हा उपाय चालतो.

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स-इटली जोडणाऱ्या मों ब्लाँ बोगद्यात वाहतूक दुहेरी होती. फ्रान्सकडून आलेला, पीठ आणि मार्गारिन (लोण्याऐवजी वापरतात तो स्निग्ध पदार्थ) नेणारा ट्रक आत पेटला. वारा इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होता. त्यात इटलीच्या बाजूने धूर ओढून घेण्याऐवजी ताजी हवा आत सोडली गेली! धूर ट्रकमागे खोळंबलेल्या गाड्यांवर लोटला. ३९ जीव गेले, त्यातले बरेच जण आपापल्या गाडीतच.

आणि पेट्रोलचा टँकरच धोकादायक, हेही खरं नाही. नॉर्वेतल्या रुनेहामार बोगद्यात २००३ साली ट्रकभर लाकडी-प्लास्टिक पॅलेट (माल रचायच्या चौकटी) पेटवून पाहिले; आग २०० मेगावॉटपर्यंत, म्हणजे टँकरच्या आगीच्या तोडीला गेली.