खाऱ्या पाण्याच्या टाकीतली वाळू: तीन सेंटिमीटर की बारा?

रत्नागिरीत मांडवीला काळा समुद्र म्हणतात, आणि त्याच गावात पांढरा समुद्रही आहे. काळा रंग इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचा. अशी वाळू खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत घातली की मॅग्नेटाइटचे कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि दुसऱ्याच फेरीत काचेवर ओरखडा उठतो, तो कायमचा. इतर पुळणींवरही खाडीतून आलेलं सांडपाणी असतं, पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे लागतात, आणि सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांनी किनाऱ्यावरचा वाळूउपसा निषिद्ध आहे. तेव्हा समुद्र दारात असला तरी वाळू दुकानातूनच आणावी.

मागायची ती अ‍ॅरागोनाइटची वाळू. हे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे प्रवाळ ज्याचा सांगाडा बांधतात तेच. खात्री करायला चमचाभर वाळूवर व्हिनेगर ओता. फसफसली तर कार्बोनेटची, ढिम्म राहिली तर बहुधा क्वार्ट्झ. ‘ही वाळू घातली की पीएच आपोआप सांभाळला जातो’ हे ऐकून सोडून द्यावं. पाण्याचा पीएच ८ च्या वर असताना अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही.

कण १ ते २ मिमीचे घ्या. पिठीसाखरेसारखी वाळू वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह काढणाऱ्या पंपाच्या) झोताने उडते आणि कोपऱ्यात ढीग होऊन तळाची काच उघडी पडते. ३ मिमीच्या पुढे गेलात तर उरलेलं खाणं फटींत उतरून कुजतं.

आता जाडी. ३ सेंमीच्या थरात सगळीकडे ऑक्सिजन पोहोचतो आणि साफसफाई सोपी जाते. १० ते १५ सेंमीच्या बारीक वाळूत खाली ऑक्सिजन उरत नाही. तिथले जिवाणू, माशांच्या घाणीतून पाण्यात साचणाऱ्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू बाहेर सोडतात. कागदावर हे छान आहे. पण ओहोटीला खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढताना वीतभर उकरलं की जो काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा चिखल लागतो, तसाच थर टाकीतही तयार होऊ शकतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हा वायू माशांना विषारी. शिवाय जाड थरातले जीव ऑक्सिजन खातच असतात. पावसात वीज सात-आठ तास गेली, पंप थांबला, की पहिला फटका माशांना बसतो. कोकणात नवख्याने ३ सेंमीवरच थांबावं. हॅलिकोरिस रॅस जातीचे मासे रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतात, त्यांच्यासाठी थोडी बारीक वाळू आणि ५ सेंमी थर ठेवा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. ९० × ४५ सेंमी तळ आणि ३ सेंमी थर म्हणजे सुमारे १२ लिटर. लिटरला साधारण दीड किलो धरून १८ किलो वाळू.

कोरडी वाळू ३-४ किलोच्या हप्त्यांनी बादलीत घेऊन, हात खालपर्यंत घालून धुवा. आधी पाणी ताकासारखं पांढरं निघेल. हातातली वाळू दिसेपर्यंत धूत राहा आणि शेवटचं पाणी आरओचं घ्या. ‘लाइव्ह सँड’चं ओलं पाकीट मात्र धुवायचं नाही, त्यातले जिवाणू वाहून जातात. टाकीत आधी दगड थेट काचेवर टेकवा, मग भोवती वाळू. उलट केलंत तर बिळं करणारा गोबी मासा दगडाखालची वाळू उपसतो आणि दगड कलंडतो. वाळूवर ताटली ठेवून पाणी तिच्यावर ओता. तरी एक-दोन दिवस गढूळ राहीलच.

पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येतो. तो डायटम शेवाळाचा, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. घाबरून वाळू बदलू नये. किरमिजी, ओढली की सालीसारखी निघणारी साय दिसली तर ते सायनोबॅक्टेरिया. खाणं कमी करा, तिथला प्रवाह वाढवा.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलताना वाळूचा पाव भागच सायफनच्या नळीने साफ करा. महिन्यात पूर्ण तळ फिरून होतो. वाळू दगडासारखी घट्ट झाली असेल तर बहुधा अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटं) वाढवणारं द्रावण एकदम ओतलं जातंय. ते सावकाश, वाहत्या पाण्यात सोडा.

वर्षभर हात न लावलेली वाळू मासे टाकीत असताना एका दिवसात कधीच ढवळू नका. मासे दुसऱ्या टाकीत हलवा, नाहीतर हातभर पट्टा आज, पुढचा आठवड्याने. काळा डाग लागला तर तो न पसरवता नळीनेच उचलून थेट बादलीत, आणि ते पाणी परत टाकीत नाही.