मत्स्यखाद्यातले पर्याय आणि ‘टाकाऊ’ मासळीचा घोळ

गोव्यात खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, पोंयीत (तळ्यात) सुंगटांना (कोळंबीला) कधी कुणी खाद्य घातलं नाही. भरतीच्या पाण्याबरोबर मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत शिरलेलं पिल्लू तिथे मिळेल ते खाऊन वाढायचं. समुद्रातले पेडवे (तारली) अमाप आले की काही सुकत, काही खत म्हणून माडांच्या बुडाशी जात.

खाद्य विकत आणण्याची वेळ आली ती वाघी कोळंबीच्या व्यापारी तळ्यांबरोबर. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशभरातली तळी झोपवली आणि २००९ मध्ये व्हॅनामेई या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली. व्हॅनामेईला वाघीपेक्षा कमी प्रथिनं पुरतात, सुमारे ३५ टक्के. त्यामुळे खाद्यातली मासळीची भुकटी कमी करून सोयापेंड वाढवणं जमू लागलं. पर्यायांची खरी सुरुवात ही, आणि ती समुद्राच्या काळजीपोटी नव्हे, भुकटीच्या भावामुळे झाली. चोणक हा तळ्यात वाढवला जाणारा मासा मात्र मांसाहारी. त्याला आजही कित्येक ठिकाणी पेडवे चिरूनच घालतात.

एक किलो भुकटीला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. ती कुठली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ट्रॅश’, म्हणजे टाकाऊ. या एका शब्दाने सगळा घोळ घातला आहे. गोव्यातल्या कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर रिकामा होताना बघावं. क्रेटमध्ये बर्फाखाली सुंगटं आणि माणकी (स्क्विड). कोपऱ्यात बिनबर्फाचा ढीग, त्यात बोटाएवढे लेपो, बाळ्या माशांची पिल्लं, पाय तुटलेल्या कुर्ल्या. त्या ढिगातली निम्मी नावं आपल्या ताटातली आहेत, फक्त मोठी व्हायची राहिली आहेत. पूर्वी हा ढीग समुद्रातच फेकला जाई. भुकटीचे कारखाने भाव देऊ लागले तसा तो किनाऱ्यावर येऊ लागला, आणि ज्याला भाव आहे त्याला टाकाऊ म्हणणं मला पटत नाही. जास्तीचे पेडवेही याच नावाखाली खपतात. देशात २०१२ मध्ये पेडव्यांची विक्रमी पकड झाली, त्यानंतर ती घसरत गेली. तरी शब्द तोच राहिला. मासळी साफ केल्यावर उरणारी डोकी आणि आतडी हा खरा टाकाऊ माल. त्याची भुकटी करायला हरकत कशाला असेल?

सोयापेंडीत मेथिओनिन हा प्रथिनांचा एक घटक कमी पडतो, तो वरून घालावा लागतो. खाद्यातल्या माशाच्या तेलाला पर्याय शोधण्याची अडचण त्याहून मोठी. त्या तेलातलं ओमेगा-३ हे स्निग्धाम्ल मासा स्वतः फारसं तयार करत नाही, ते सूक्ष्म शेवाळातून अन्नसाखळीने त्याच्यात येतं. म्हणून तिथे पेंड कामाची नाही, शेवाळाचंच तेल लागतं, आणि ते महाग पडतं.

राहिल्या अळ्या. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांची भुकटी मत्स्यखाद्यात वापरायला युरोपने २०१७ मध्ये मुभा दिली, पण अळ्यांना स्वयंपाकघरातलं उष्टं घालायला तिथे मनाई आहे. आपल्याकडे अळ्यांचा विषय निघाला की सगळे हॉटेलांच्या खरकट्याकडे बोट दाखवतात. त्या नियमाने ते बाद ठरतं. रस काढून झाल्यावर उरणारा काजूच्या बोंडांचा चोथा मात्र निव्वळ वनस्पतीचा, तो चालू शकेल. फक्त बोंडांचा हंगाम मार्च ते मे, आणि अळ्यांना खायला बारा महिने लागतं.