रिक्टरचं फोर सीझन्स आणि पियाझोलाचं फोर सीझन्स: विवाल्डी नेमका कुठे आहे?

यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर 'मॉडर्न फोर सीझन्स' असं काही टाकलं की दोन गोष्टी हमखास शेजारी शेजारी येतात. एक म्हणजे मॅक्स रिक्टरचं 'रीकंपोज्ड' आणि दुसरं आस्तोर पियाझोलाचं ब्यूनस आयर्सचं ऋतुचक्र. दोन्हीकडे पुढे एक व्हायोलिनवाला किंवा व्हायोलिनवाली, मागे तंतुवाद्यांचा ताफा, आणि दोन्हीत मधेच ओळखीचा विवाल्डी (अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार, मूळ फोर सीझन्स त्याचंच) डोकावून जातो, त्यामुळे बरेच जण दोन्ही एकाच खणात टाकतात की हां, विवाल्डी घेतला आणि नवीन केला. पण हे दोन अगदी वेगळे उद्योग आहेत हो, इतके वेगळे की एकात विवाल्डी काढला तर हातात काहीच उरत नाही आणि दुसऱ्यात मुळात विवाल्डी नव्हताच.

आधी मूळ काय ते पटकन सांगतो. विवाल्डीच्या ओपस ८ मध्ये, म्हणजे आठव्या क्रमांकाच्या छापील संचात, बारा कॉन्चेर्तो (पुढे सोलो वाद्य, मागे ऑर्केस्ट्रा अशा रचना) आहेत, 1725 साली अ‍ॅम्स्टरडॅमला छापलेले, त्यातले पहिले चार म्हणजे फोर सीझन्स. प्रत्येक ऋतूचे तीन भाग, जलद-संथ-जलद, म्हणजे एकूण बारा तुकडे, साधारण चाळीस मिनिटांचा ऐवज. सोबत प्रत्येक ऋतूचं एक सॉनेट छापलेलं आहे आणि कवितेत जे घडतं ते वाद्यं अक्षरशः करून दाखवतात. वसंताच्या सुरुवातीला व्हायोलिनं पक्ष्यांसारखी चिवचिवतात, दुसऱ्या भागात गुराखी झोपलाय आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ, मुकाट्याने कुत्र्याचं भुंकणं वाजवत बसलाय (व्हायोला वाजवणाऱ्यांच्या नशिबी हे असलंच काम येतं), उन्हाळ्याच्या शेवटी वादळ, हिवाळ्यात दात वाजतात. लोक याला लिफ्टमधलं म्युझिक म्हणून नावं ठेवतात पण त्यात विवाल्डीचा काय दोष, तो गडी चांगलाच खोडकर होता.

आता रिक्टर. हा संगीतकार, जन्म 1966, जर्मनीत जन्मलेला पण वाढला इंग्लंडमध्ये. डॉइच ग्रामोफोन कंपनीची 'रीकंपोज्ड' नावाची एक मालिका होती, त्यात इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांना कंपनीची जुनी रेकॉर्डिंगं द्यायची आणि म्हणायचं करा काय करायचं ते. कार्ल क्रेग आणि मॉरिट्झ फॉन ओसवाल्ड यांनी रावेल आणि मुसोर्गस्की घेतले, मॅथ्यू हर्बर्टने मालरची दहावी सिंफनी घेतली. हे खरे रिमिक्स, कच्चा माल म्हणजे ध्वनिमुद्रण. रिक्टरने मात्र रेकॉर्डिंगला हातच लावला नाही, तो थेट विवाल्डीच्या नोटेशनमध्ये घुसला, पाहिजे ते ठेवलं, नको ते फेकलं, आणि नवीन पानं लिहून खऱ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली. 2012 चं हे रेकॉर्डिंग, व्हायोलिनवर डॅनिएल होप, संचालन आंद्रे दे रिडर. त्यामुळे याला रिमिक्स म्हणणं तसं चूकच, पण डोकं रिमिक्सवाल्याचं आहे हे मान्य करायला पाहिजे, कारण लूप, थर, बेस हे सगळे विचार क्लबातून आलेत आणि ते वाजवतायत मात्र लाकडी वाद्यांवर.

मूळ मालाचा साधारण तीन चतुर्थांश भाग आपण टाकून दिला असं तो स्वतः सांगतो. म्हणजे उरला पाव. पण हा पाव कुठला निवडला ते बघण्यासारखं आहे. 'स्प्रिंग १' ऐका, 'ब्रिजर्टन' या नेटफ्लिक्सच्या मालिकेमुळे बऱ्याच जणांच्या कानावर पडलंय ते. विवाल्डीच्या वसंताची ती जगप्रसिद्ध सुरुवात, जी फोन होल्डवर ठेवला की वाजते, ती यात नाहीच आहे! कोणीही दुसरा असता तर आधी तीच उचलली असती. रिक्टरने घेतलाय त्याच्या नंतरचा पक्ष्यांचा तुकडा, सोलो व्हायोलिनांचा चिवचिवाट, जो मूळात काही सेकंद येऊन जातो. तोच तुकडा तो फिरवत ठेवतो, एकावर एक चढवतो, आणि मग खालून चेलो-बेस सावकाश लांब लांब सुरांत सरकत येतात आणि तोच चिवचिवाट एकदम उदास वाटायला लागतो. वरचे सूर विवाल्डीचे, ती उदासी रिक्टरची. माझ्या मते अख्ख्या अल्बममधली ही सगळ्यात भारी जागा आहे आणि इतर काही भाग त्यामानाने जरा सपक आहेत, हेही सांगून टाकतो.

दुसरी जागा हिवाळ्याचा पहिला भाग. मूळ चार-चारच्या मापात आहे, म्हणजे लहान मात्रा धरल्या तर आठ. रिक्टरने त्यातली एक काढून टाकली, सात केल्या. आपल्या कानाला रूपक तालाची सवय आहे त्यामुळे सात मात्रांचं कौतुक आपल्याला नाही, पण इथे मूळ आठ डोक्यात घट्ट बसलेले असतात आणि सातव्यानंतर लगेच पुढचं आवर्तन सुरू झालं की अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघाल्यासारखं होतं. सूर जवळपास तेच, फक्त एक मात्रा गायब, आणि तेवढ्याने सगळी चीज धावायला लागते. हिवाळ्याच्या दुसऱ्या भागात तो याच्या उलट करतो, विवाल्डीची ती संथ सुंदर चाल बऱ्यापैकी तशीच ठेवतो पण तिच्यामागची पावसाची टपटप, जी मूळात व्हायोलिनं तारा छेडून वाजवतात, ती काढून टाकतो आणि तिथे नुसतं गोठलेलं धुकं ठेवतो. शरदाच्या मधल्या भागात हार्पसिकॉर्ड एकसारखं टिकटिक वाजत राहतं, ते बीच बॉइज आणि बीटल्सच्या काळातल्या पॉप रेकॉर्डवरच्या हार्पसिकॉर्डवरून सुचल्याचं त्याने सांगितलंय.

थोडक्यात रिक्टरकडे मसाला विवाल्डीचा, सांगाडाही विवाल्डीचाच. चार ऋतू, प्रत्येकी तीन भाग, क्रम तोच, सुरुवातीला फक्त 'स्प्रिंग ०' नावाची एक छोटी प्रस्तावना जोडलीय. एखाद्याने मूळ कधीच ऐकलं नसेल तर त्याला हे आवडेल, पण निम्मी गंमत जाईल, कारण काय काढलंय हेच कळणार नाही.

आता पियाझोला, आणि इथे सगळा घोळ आहे. हा अर्जेंटिनाचा, 1921 ते 1992, लहानपण न्यूयॉर्कमध्ये गेलं, वाद्य बांडोनियॉन. बांडोनियॉन म्हणजे हातात धरून दोन्ही बाजूंनी दाबायचा-ओढायचा भाता, मूळ जर्मनीतला, आत आपल्या पेटीसारख्याच सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या, पण आवाज जास्त काळाभोर. 1954 मध्ये तो पॅरिसला नादिया बूलांजे या नावाजलेल्या संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेला, टँगोवाला (टँगो म्हणजे ब्यूनस आयर्सकडचं नाचाचं संगीत) आहोत हे लपवत होता म्हणे, आणि बाईंनी त्याचा टँगो ऐकून सांगितलं की तू हाच आहेस, हे सोडू नकोस. मग परत येऊन त्याने टँगोत जॅझ, बाख, बार्टोक असं काय काय घातलं की जुने टँगोवाले त्याच्यावर भयंकर खवळले.

त्याने 1965 मध्ये एका नाटकासाठी संगीत केलं, त्यातला एक तुकडा म्हणजे 'व्हेरानो पोर्तेन्यो', ब्यूनस आयर्सचा उन्हाळा. तेव्हा चार ऋतूंचा संच करायचा असं काही डोक्यात नव्हतं. शरद आला 1969 मध्ये, बाकीचे दोन 1970 च्या आसपास. प्रत्येक ऋतू एकच सलग तुकडा, पाच-सात मिनिटांचा, तीन भाग वगैरे भानगड नाही. आणि लिहिलेत त्याच्या पंचकासाठी: बांडोनियॉन, व्हायोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, डबल बेस. यात विवाल्डीची एकही ओळ नाही. पक्षी नाहीत, गुराखी नाही, कुत्रा तर नाहीच. शहर आहे, डांबर आहे, रात्री उशिराची भांडणं आहेत. विवाल्डीकडून आलं असेल तर फार तर नाव आणि चार ऋतूंची कल्पना.

ठेका धरून बघा म्हणजे कळेल. आठ मात्रा, पण चार-चार अशा न तोडता तीन-तीन-दोन. एकदोनतीन एकदोनतीन एकदोन, दर 'एक'ला टाळी. मांडीवर दोन मिनिटं धरून बसलात की पियाझोलाचं निम्मं घर कळलं. दुसरी ओळखण्याची खूण म्हणजे व्हायोलिनमधून येणारे चमत्कारिक आवाज. घोडीच्या पलीकडे तारेवर बो खरवडून करकर काढायची, त्याला हे लोक चिचारा म्हणतात, म्हणजे सिकाडा, झाडावर करकरणारा किडा. चाबकासारखी सर्रकन वर जाणारी मींड असते, लाकडावर ठोकणं असतं. विवाल्डीच्या वादनात कुणी असं केलं तर क्लासमधून हाकलतील.

मग तुम्ही म्हणाल, अहो पण मी पियाझोलाचं ऐकताना विवाल्डी स्पष्ट ऐकलाय, भास होता का? नाही, भास नव्हता. तो विवाल्डी तिसऱ्याच माणसाने घातलाय. लिओनिद देस्यातनिकोव्ह, खार्किवमध्ये जन्मलेला संगीतकार, त्याने 1996 ते 1998 या काळात व्हायोलिनवादक गिदोन क्रेमरसाठी पियाझोलाचे हे चार तुकडे सोलो व्हायोलिन आणि तंतुवाद्यांसाठी नव्याने बसवले. पियाझोला तोवर वारला होता. बांडोनियॉन गेलं, गिटार गेली, पियानो गेला, आणि ऑर्केस्ट्रा नेमका विवाल्डीसारखा झाला म्हटल्यावर या पठ्ठ्याने मधे मधे विवाल्डीचे तुकडे पेरले. त्यातही गंमत बघा, उन्हाळ्यात त्याने विवाल्डीचा उन्हाळा नाही घातला, हिवाळा घातला! कारण ब्यूनस आयर्समध्ये डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो, तिकडे विवाल्डीच्या व्हेनिसमध्ये तेव्हा दात वाजत असतात. इतका चोख विनोद संगीतात फार क्वचित सापडतो, आणि तो पियाझोलाच्या नावावर खपतो याचं मला वाईट वाटतं.

क्रेमरने मग विवाल्डी आणि पियाझोला यांचे ऋतू आलटून पालटून लावून 'एट सीझन्स' नावाचा अल्बम काढला आणि तिथून हे जोडपं पक्कंच झालं, आता जगभरच्या ऑर्केस्ट्रा एका संध्याकाळी अर्धा विवाल्डी अर्धा पियाझोला असा कार्यक्रम लावतात. आणि आपण ऐकतो ते बहुतेक वेळा देस्यातनिकोव्हचंच.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पियाझोलाच्या हिवाळ्याच्या अगदी शेवटी टँगो एकदम विरघळतो आणि मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या पाश्चात्य सुरावटीत, एक शांत, पायरी पायरीने जाणारा बरोक (बाख-विवाल्डीच्या काळच्या) थाटाचा तुकडा येतो. तो ऐकून सगळे म्हणतात हा बघा इथे विवाल्डी. नाही, तो पियाझोलाचाच आहे, पंचकाच्या मूळ रेकॉर्डिंगमध्येही आहे. बाख त्याच्या अंगात होताच, त्याला विवाल्डीची उसनवारी करायची गरज नव्हती.

घोळात भर घालणारे आणखी आहेत. 'द न्यू फोर सीझन्स' नावाचा अल्बम नायजेल केनेडीचाही आहे, 2015 चा, आणि रिक्टरचाही आहे, 2022 चा. केनेडीचा म्हणजे विवाल्डीवर त्याची स्वतःची मस्ती. रिक्टरचा म्हणजे त्याच्याच 2012 च्या लेखनाचं दुसरं वादन, व्हायोलिनवर एलेना उरिओस्ते आणि सोबत चिनेके ऑर्केस्ट्रा, जुन्या पद्धतीच्या, जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा आणि 'मूग' बनावटीचा जुना सिंथेसायझर. मला हे दुसरं जास्त आवडतं, पहिल्यात जी थोडी गुळगुळीत चकाकी होती ती इथे खरवडली गेलीय. आणि अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्तो, 2009 चा, 'द अमेरिकन फोर सीझन्स'. त्यात कुठल्या भागाला कुठला ऋतू ते लिहिलंच नाहीये, आणि ज्या व्हायोलिनवादक रॉबर्ट मॅकडफीसाठी तो लिहिला त्याचं आणि ग्लासचंच त्यावर एकमत झालं नाही, शेवटी ऐकणाऱ्यावर सोडून दिलं.

तर नवीन काही समोर आलं की आधी क्रेडिट वाचा. बांडोनियॉन आणि इलेक्ट्रिक गिटार दिसली तर तो पियाझोलाचा स्वतःचा हात. देस्यातनिकोव्हचं नाव दिसलं, किंवा नुसतंच सोलो व्हायोलिन आणि स्ट्रिंग्ज लिहिलं असेल, तर मधे विवाल्डी येणार हे धरून चाला. आणि ऐकायचा क्रम विचाराल तर पंचकाचा उन्हाळा आधी, देस्यातनिकोव्हचा त्यानंतर लगेच, म्हणजे कुठे काय घुसवलंय ते सरळ कानाने कळतं, वाचायची गरजच नाही. रिक्टरचं मात्र विवाल्डीचा वसंत ऐकल्याशिवाय लावू नका, आणि विवाल्डी ऐकताना पहिली धून संपून पक्षी सुरू होतात तिथे कान द्या, त्याला लागणारा सगळा माल त्या काही सेकंदांत आहे.