विकास योजनेची सुधारणा (नवी मुंबई)

विकास योजनेची सुधारणा : शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या दीर्घ मुदतीच्या योजनेची कायद्यानुसार होणारी फेरमांडणी. व्यवहारात 'नवा डीपी' (डेव्हलपमेंट प्लॅन). आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याचा. कलम 38 नुसार योजना सुधारण्याची मुदत आरंभी दहा वर्षांची होती, पुढे ती वीस वर्षे झाली.

नवी मुंबईच्या मूळ कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील 1958 च्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडचा प्रदेश खुला करावा असे सुचवले होते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांची जुळ्या शहराची मांडणी 1965 मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात आली. त्याच सुमारास धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रादेशिक नियोजनविषयक समितीचे काम सुरू झाले. बर्वे गटाला आद्यत्व देणारे अभ्यासक पुलावर भर देतात. परंतु पुलाने वस्ती पलीकडे जाते, नोकऱ्या जातातच असे नाही. कार्यालयेही खाडीपार न्यावीत आणि मुंबईची उत्तर-दक्षिण वाढ पूर्वेकडे वळवावी, हा विचार तिघांच्या मांडणीत ठळक आहे. म्हणून योजनेचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नवे शहर उभारणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना मार्च 1970 मध्ये झाली आणि तिने केलेली विकास योजना 1979 मध्ये मंजूर झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील सुमारे 344 चौ. किमी. क्षेत्र तिच्या कक्षेत होते.

नवी मुंबई महापालिकेचा कारभार 1992 मध्ये सुरू झाला आणि तिची प्रारूप विकास योजना ऑगस्ट 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. ही 'पहिली' योजना की 1979 च्या योजनेची सुधारणा? महापालिकेपुरती ती पहिलीच. परंतु नोडची (वाशी, नेरूळ यांसारख्या उपनगरांची) रचना, रेल्वेमार्ग, सेक्टर हे सारे आधीच ठरलेले होते. आशयाने ती सुधारणाच होय. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे नियोजन एमआयडीसी या राज्याच्या औद्योगिक महामंडळाकडे असल्याने शहराच्या मधोमध वेगळ्या प्राधिकरणाचा प्रदेश उरतो.

सुधारणेचा गाभा म्हणजे आरक्षणे, म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी योजनेत राखून ठेवलेल्या जमिनी. शेजारच्या ठाण्यात, जेथे आधीची योजना 1999 मध्ये मंजूर झाली, शाळेचे वा मैदानाचे आरक्षण बहुधा खाजगी सातबाऱ्यावर पडते. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम 127 खाली खरेदी सूचना देतो. ठरलेल्या मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नवी मुंबईत हे चित्र उलटे आहे. येथील बहुतांश जमीन संपादनाने सिडकोकडे आली आणि तिने ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे रिकाम्या भूखंडावर महापालिकेने उद्यान दाखवले की समोर शेतकरी मालक नसतो, दुसरी सार्वजनिक संस्था असते. भूखंडविक्रीवर चालणारी संस्था आणि मैदाने, दवाखाने मागणारी महापालिका यांच्यातील ओढाताण हाच या सुधारणेचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि शहरात मोकळी जमीन किती उरेल हे तीवरच ठरणार आहे.

प्रारूपापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा केला जातो. त्यावर जे उमटत नाही ते पुढे मागणे अवघड जाते. सारसोळे किंवा दिवाळे येथील कोळीवाड्यांत खाडीकाठच्या ज्या पट्टीवर जाळी पसरतात, मासळी वाळवतात, होड्या ओढून ठेवतात, ती पाहणी करणाऱ्याला भरदुपारी नुसती मोकळी जागा दिसू शकते. गावठाणाचेही तसेच : हद्द जुन्या मोजणीची, घरे मात्र तिच्या पुष्कळ बाहेर, कुटुंबे वाढली तशी वाढलेली. नकाशावर गावठाणाची रेघ जेथे संपते तेथून पुढची घरे 'अनधिकृत' ठरतात. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, पण तिने घराखालच्या जमिनीचा प्रश्न सुटला नाही.

नेरूळ-सीवूड्स परिसरातील रोहित पक्ष्यांच्या पाणथळ जागांबाबत प्रारूपाविरुद्ध हरकती आल्या. हरकतींवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. अर्जासोबत भाग नकाशाची प्रत व सर्व्हे क्रमांक द्यावा, कारण सेक्टर व भूखंड क्रमांक हे सिडकोचे, तर महसुली नोंद सर्व्हे क्रमांकाने चालते.

दक्षिणेकडील काही नोड 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत गेले आहेत; ते या प्रारूपात येत नाहीत.